परक्या अंगणातला दानधर्म



परमुलखातल्या लष्करी तळावर शिपाई लोक गोल्फचे मदतनिधी सामने भरवतात, या विषयावर आम्ही आज बोलणार आहोत हे फलकावर वाचून आपल्यापैकी पुष्कळांना नवल वाटले असेल. ज्या मंडपात ज्ञानेश्वरीवर, लोकमान्यांवर, शेतमालाच्या भावावर बोलले जाते, तेथे हा साहेबी खेळ कशाला, ही शंका अगदी रास्त आहे. परंतु हा विषय वस्तुतः खेळाचा नाही. तो दानाचा आहे आणि जमिनीचा आहे. आणि या दोन गोष्टींवर घटकाभर वाद घालू शकणार नाही असा मनुष्य आम्हांला महाराष्ट्रात अजून भेटायचा आहे.

तरीही खेळाची तोंडओळख करून देणे भाग आहे. गोट्यांच्या खेळातली गल आणि विटीदांडूतला टोला यांचे लग्न लावावे, आणि नवदांपत्याला शंभर-सव्वाशे एकर जमीन आंदण द्यावी, म्हणजे गोल्फ झाला. अठरा ठिकाणी अठरा गली, प्रत्येकीत एक निशाण. काठीने चेंडू हाणत हाणत एकामागून एक गल गाठायची आणि ज्याचे टोले कमी तो जिंकला. एका फेरीस चार-पाच तास लागतात. खेळ निरुपद्रवी आहे, प्रकृतीस हितकर आहे, आणि वयाच्या साठीतही खेळता येतो, हे त्याचे गुण आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. त्याची भूक मात्र जमिनीची आहे. सव्वाशे एकर म्हणजे महाराष्ट्रातल्या सरासरी धारणक्षेत्राच्या हिशेबाने पस्तीस-चाळीस खातेदारांची शेती. हा आकडा आपण ध्यानात ठेवावा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

हा खेळ आणि पलटण यांचे नाते जुने आहे. इंग्रज जेथे गेला तेथे छावणी, छावणीत गिरिजाघर, क्लब आणि गोल्फचे मैदान, असा क्रमच ठरून गेला होता. कलकत्त्याचा गोल्फ क्लब १८२९ सालचा. ब्रिटिश बेटांच्या बाहेरचा सर्वांत जुना म्हणून तो ओळखला जातो. पुढे साम्राज्य मावळले, दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेचे तळ जगभर पसरले आणि हा वारसा तिकडे गेला. आज अभ्यासकांच्या मोजणीप्रमाणे अमेरिकेचे परदेशांतील तळ सुमारे साडेसातशे भरतात. त्यांतल्या पुष्कळ मोठ्या तळांवर चित्रपटगृह, शाळा, दुकान आणि गोल्फचे मैदान असा सारा संसार थाटलेला असतो. जपान, कोरिया, जर्मनी, तुर्कस्थान, क्यूबातील ग्वांतानामो, पॅसिफिकमधील क्वाजालीन, कोठेही पाहा.

या तळावरचे जीवन कसे असते? कामठी, देवळाली, खडकी येथील छावणीजवळ ज्यांचे बालपण गेले त्यांना थोडी कल्पना असेल. परंतु कामठीचा जवान सुट्टीच्या दिवशी बाजारात येतो, भाजीवाल्याशी त्याच्या भाषेत घासाघीस करतो. परदेशी तळावरच्या शिपायाला कुंपणाबाहेरची भाषा येत नाही, आणि वर्षा-दोन वर्षांत त्याची बदली ठरलेली असते. ते गाव खरे, पण त्या गावात म्हातारी माणसे नाहीत, स्मशान नाही, आणि पाच वर्षांपूर्वी येथे काय झाले हे सांगणारा कोणी नाही. अशा गावाला सणावाराची फार गरज असते. मदतनिधीचे सामने हा असा एक हातांनी बनवलेला सण आहे.

तो बनवतो कोण? बहुधा एखादा हवालदार दर्जाचा मनुष्य, चार मित्र, आणि तळावरच्या स्त्रियांचे मंडळ. निमित्त पुष्कळदा दुःखाचे असते. तुकडीतला कोणी अपघातात जातो, कोणाच्या मुलास दुर्धर आजार निघतो, आणि मंडळी म्हणतात, आपण काही तरी केले पाहिजे. वर्गणीचा डबा फिरवणे त्यांना ओशाळवाणे वाटते. मग कोणी तरी म्हणतो, सामने भरवू. येथवर सारे आपल्या गणेशोत्सवाच्या मंडळासारखेच आहे. फरक पुढे पडतो. आपल्या मंडळाला फार तर नगरपालिकेचा आणि पोलिसांचा परवाना लागतो. तेथे कमांडरची संमती आणि लष्करी वकिलाचा शेरा लागतो, आणि तो वकील एक जाडजूड नियमावली पुढे ठेवतो.

या नियमांकडे आम्ही थोडे बारकाईने पाहणार आहोत, कारण त्यांत मनुष्यस्वभावाची चांगली जाण आहे. वर्गणी मागताना वरच्या दर्जाच्या माणसाने खालच्याला भरीस घालू नये. साहेबाने हसत हसत विचारले तरी शिपायाला तो हुकूम वाटतो. गणवेश घालून किंवा हुद्द्याचे वजन वापरून पैसे मागू नयेत. अमुक संस्थेच्या पाठीशी सैन्य उभे आहे असा भास होऊ देऊ नये. एकाच तुकडीतले लोक आपसांत, आपल्याच माणसांसाठी पैसे जमवत असतील, तर नियम सैल आहेत. आपल्यांनी, आपल्यांकडून, आपल्यांसाठी, असे त्या सवलतीचे सूत्र सांगता येईल. या सूत्राकडे आम्ही पुन्हा येऊ. आणि सर्वांत नाजूक जागा देणगीदारांची. प्रत्येक गलीपाशी एक फलक लावतात आणि त्यावर देणगीदाराचे नाव रंगवतात. आता परदेशी तळाभोवती श्रीमंत कोण असतो? तळाला माल पुरवणारा ठेकेदार! त्याच्याकडून फलकाचे पैसे घेतले की उद्या निविदेच्या वेळी तो त्या फलकाची आठवण करून देणार. म्हणून तेथे वकिलाचे बोट आडवे येते. आमच्याकडील उत्सवमंडळांनी हे एक कलम उसने घ्यावे असे आम्हांला वाटते; पण ते असो.

परवानगी मिळाली की उत्साहाला भरते येते. चौघांचा एक संघ. चांगले खेळणारे थोडे आणि काठी कशी धरावी हे न कळणारे फार, म्हणून एक सोयीची पद्धत काढली आहे. चौघांनीही टोला मारायचा, त्यांतला सर्वांत बरा पडलेला चेंडू निवडायचा आणि पुढचा टोला चौघांनी तेथूनच मारायचा. यामुळे नवख्याचे टोले झाकले जातात, आणि कर्नल, स्वयंपाकी, दवाखान्यातली परिचारिका आणि कारकून अशी चौकडी एका हिशेबात खेळू शकते. सर्व संघ एकाच वेळी निरनिराळ्या गलींवरून सुरुवात करतात, म्हणजे सारे एकाच वेळी संपवून जेवायला बसतात. जेवण महत्त्वाचे!

पैसा उभा राहतो तो प्रवेशशुल्कातून कमी आणि गमतीजमतींतून अधिक. टोला चुकला तर तो मोजू नये आणि पुन्हा मारू द्यावा, याला त्यांच्या भाषेत ‘मलिगन’ म्हणतात. खऱ्या सामन्यात याला स्थान नाही. मदतनिधीच्या सामन्यात मात्र असे मलिगन सकाळीच विकत मिळतात. पाप करण्यापूर्वीच प्रायश्चित्ताची दक्षिणा भरून ठेवण्याचा हा प्रकार आपल्याकडील कोणत्याही क्षेत्रोपाध्यायाला तात्काळ समजेल. सर्वांत लांब टोला कोणाचा, निशाणाच्या सर्वांत जवळ चेंडू कोणाचा, यांवर वेगळी बक्षिसे. शेवटी सोडत. या सोडतीत एक अडचण असते. तळावरच्या दुकानातला माल जकातीशिवाय आलेला असतो, आणि तो स्थानिक नागरिकाच्या हाती देणे दोन देशांतल्या करारात बसत नाही. जेवणास बोलावलेल्या गावच्या पाहुण्याचे नशीब उघडले, तरी ते बक्षीस त्याच्या हाती ठेवता येईलच असे नाही. संध्याकाळी पुठ्ठ्याचा हातभर लांब चेक धरून छायाचित्र निघते, आणि दुसऱ्या दिवशी सारे कवायतीला हजर होतात.

हा सारा प्रकार पोरकट आहे, असे म्हणणारे लोक आहेत. आम्ही त्यांच्यात नाही. ज्यांच्या हाती मारण्याची साधने दिली आहेत त्यांनी सुट्टीचा दिवस कोणाच्या तरी औषधपाण्यासाठी खर्चावा, यात हसण्यासारखे काही नाही.

पैसा जातो कोठे? पहिला प्रवाह आपल्याच माणसांकडे. अमेरिकेच्या नौदलाची मदतसंस्था १९०४ सालची. तिच्या मूळ निधीत सैन्य आणि नौदल यांच्यातल्या फुटबॉल सामन्याचे उत्पन्न होते. म्हणजे खेळातून दान हा रस्ता तेथे शंभर वर्षांपेक्षा जुना आहे. भूदलाची आणि वायुदलाची संस्था १९४२ च्या युद्धकाळात निघाली. घरी आई वारली आणि विमानाचे भाडे नाही, अशा शिपायाला या संस्था बिनव्याजी कर्ज किंवा अनुदान देतात. गोल्फशी थेट नाते सांगणारी ‘फोल्ड्स ऑफ ऑनर’ ही संस्था २००७ ची. डॅन रूनी नावाच्या लढाऊ वैमानिकाने ती काढली. पडलेल्या आणि जायबंदी झालेल्या सैनिकांच्या बायकामुलांना ती शिक्षणासाठी शिष्यवृत्त्या देते, आणि देशभरच्या गोल्फ मैदानांवरून तिच्यासाठी पैसा गोळा होतो.

हे वाचताना आम्हांला एक प्रश्न सतावतो. ज्या राज्याच्या एकेका लढाऊ विमानाची किंमत कोट्यवधी डॉलर आहे, त्या राज्याच्या शिपायाच्या विधवेने मुलाच्या फीसाठी कोणाच्या मलिगनवर का अवलंबून राहावे? आमच्याकडेही १९४९ पासून ७ डिसेंबरला ध्वजदिन पाळला जातो, आणि शाळकरी मुले छातीला कागदी झेंडा लावून डबा हलवतात. समाजाने आपले ऋण ओळखावे हे उत्तमच. पण दान हे कर्तव्याच्या वर चढवलेला कळस असावे. त्याने पायाचा दगड व्हावे अशी वेळ आली की कोठे तरी हिशेब चुकला आहे असे समजावे.

दुसरा प्रवाह कुंपणाबाहेर जातो, आणि तेथे गोष्ट अधिक सुरस होते. १९४९ च्या नाताळात अमेरिकेच्या सत्ताविसाव्या पायदळ पलटणीचे काही शिपाई जपानात ओसाका येथील एका अनाथालयात गेले. ‘होली फॅमिली होम’ हे त्याचे नाव. जोगिणी ते चालवत. युद्धाने बेचिराख झालेल्या शहरातली ती मुले पाहून ह्यू ओरायली नावाच्या सार्जंटचे काळीज हलले. जपान्यांविषयी त्याच्या मनात युद्धाची अढी होती, ती तेथे सुटली. पगाराच्या दिवशी पलटणीत वर्गणी फिरू लागली. पुढच्याच वर्षी ही पलटण कोरियाच्या युद्धात ढकलली गेली, आणि आघाडीवरून, माणसे मरत असतानाही, ओसाकाकडे पैसे येत राहिले. १९५५ साली या हकिकतीवर हॉलिवुडने चित्रपट काढला. १९५७ पासून अनाथालयातली दोन मुले दर साली हवाई बेटांवर पलटणीच्या कुटुंबांत पाहुणी म्हणून जाऊ लागली. कोरियातही १९५३ पासून अमेरिकन सैन्याने मदतीची मोठी योजना चालवली आणि तीतून शाळा, इस्पितळे, अनाथालये उभी राहिली. सैन्याच्या हातून असे कार्य क्वचितच होते, म्हणून ते मुद्दाम सांगितले पाहिजे.

ओसाकाच्या मुलांपाशी कोणी गोल्फ खेळला नव्हता. शिपाई त्यांच्या खोल्यांत गेले होते, त्यांची अंथरुणे पाहून आले होते. पुठ्ठ्याचा चेक देणाऱ्या आणि घेणाऱ्याची भेट छायाचित्रापुरती होते. या दोहोंतला फरक रकमेचा नाही.

आता आपण त्या सव्वाशे एकरांकडे वळू.

पॅसिफिक महासागरात मार्शल बेटे आहेत. त्यांतले क्वाजालीन अमेरिकेने १९४४ साली जपानकडून लढून घेतले, आणि पुढे तेथे क्षेपणास्त्रांच्या चाचण्यांचे केंद्र झाले. बेट जेमतेम तीन चौरस किलोमीटरचे. त्यात धावपट्टी, घरे, शाळा, आणि धावपट्टीच्या कडेने नऊ गलींचे गोल्फचे मैदान. तेथे राबणारे मार्शली लोक रात्री त्या बेटावर राहू शकत नाहीत. ते संध्याकाळच्या बोटीने शेजारच्या इबाई बेटावर परततात. इबाई किती मोठे? सुमारे ८० एकर. आणि २०११ च्या खानेसुमारीत त्यावर साडेनऊ हजारांहून अधिक माणसे होती. अठरा गलींचे सर्वसाधारण मैदान याहून मोठे असते! १९८२ साली सुमारे हजार मार्शली जमीनमालक बायकामुलांसह होड्यांतून निघाले आणि आपल्याच बेटांवर महिनोन् महिने ठाण मांडून बसले. भाडेपट्टा आणि राहणीमान यांविषयी त्यांच्या तक्रारी होत्या. तळावरच्या बायकांच्या क्लबाने त्या भागातल्या शाळांना वर्षानुवर्षे मदत पाठवली आहे, हेही तितकेच खरे. दोन्ही गोष्टी एकाच पाण्यात, एकमेकींपासून तीन मैलांवर, चालत आल्या.

ओकिनावाची कथा याहून गुंतागुंतीची आहे. १ एप्रिल १९४५ रोजी अमेरिकन सैन्य या बेटावर उतरले आणि जूनअखेर लढाई संपली, तोवर दोन लाखांहून अधिक माणसे मेली होती. त्यांत ओकिनावाचे सुमारे सव्वा लाख होते, आणि त्यांतले बहुतेक साधे नागरिक. वाचलेल्यांना छावण्यांत ठेवले गेले. ते सुटून घरी आले तेव्हा रताळ्यांची आणि उसाची शेते धावपट्ट्यांखाली आणि बराकींखाली गेलेली होती. तेथे आणि जपानच्या इतर भागांत एक मोठा भेद आहे. जपानच्या मुख्य भूमीवरील बहुतेक तळ पूर्वीच्या बादशाही सैन्याच्या, म्हणजे सरकारी जागेवर आहेत. ओकिनावात मात्र पुष्कळशी जमीन खासगी शेतकऱ्यांची. १९५३ च्या फर्मानाने आणखी जमिनी घेतल्या गेल्या. विरोध झाला तेथे संगिनी आणि बुलडोझर आले, आणि ‘संगिनी व बुलडोझर’ हा शब्दप्रयोगच त्या काळाचे नाव म्हणून तेथे रूढ झाला.

पुढे अमेरिकेने प्रस्ताव मांडला की वर्षावर्षाचे भाडे देत बसण्याऐवजी एकरकमी पैसे देऊन टाकू. ऑक्टोबर १९५५ मध्ये प्राइस यांची समिती आली. जून १९५६ मध्ये तिने याच प्रस्तावाची तळी उचलली. मग सारे बेट उठले. जमीन विकायची नाही, भाडे दरसाल द्या, नुकसान भरून द्या, नवी जमीन घेऊ नका, या मागण्यांसाठी गावोगाव सभा झाल्या. अखेर एकरकमी खरेदी मागे घ्यावी लागली. आमच्या मुळशीच्या मावळ्यांनी १९२१ साली टाटांच्या धरणापुढे देह आडवे टाकले होते. त्यांना ओकिनावाच्या शेतकऱ्याची भाषा न शिकताही कळली असती. १९७२ साली बेट पुन्हा जपानकडे आले, पण तळ राहिले. जपानच्या एकूण भूमीपैकी ओकिनावा ०.६ टक्के, जपानमध्ये केवळ अमेरिकन सैन्याच्या वापरात असलेल्या तळांच्या क्षेत्रापैकी सुमारे ७० टक्के तेथे. भाडे आता जपान सरकार देते.

या बेटावर युद्ध संपल्यावर थोड्याच वर्षांत, आवासे येथे, अमेरिकन सैन्याने गोल्फचे मैदान केले. सुमारे ४७ हेक्टर, म्हणजे एकशे पंधरा एकरांच्या आसपास. साठ वर्षे तेथे खेळ चालला. आता आपण क्षणभर कल्पना करावी, की अशा मैदानावर पडलेल्या सोबत्याच्या मुलांसाठी सामने भरले आहेत. प्रत्येक गलीपाशी देणगीदाराच्या नावाचा फलक आहे. अमक्या दुकानाचा, तमक्या विमा कंपनीचा. ज्याच्या उसाच्या शेतात ती गल खणली आहे त्याचे नाव मात्र अठरापैकी एकाही फलकावर नाही. आणि विचार केला तर त्या दिवशीचा सर्वांत मोठा देणगीदार तोच. फक्त त्याला कोणी विचारले नाही.

म्हणून त्या शिपायांचे दान खोटे ठरते काय? आमचे मत असे, की ठरत नाही. जमीन त्या हवालदाराने घेतलेली नाही; तो जन्मण्यापूर्वी ती गेली. त्याने दिलेला पैसा त्याच्या पगारातला आहे आणि तो पोचला तेथे त्याने कोणाचे तरी डोळे पुसले. ज्यांना तळ नकोत अशी मंडळी या दानाला दांभिकपणा म्हणून धुडकावतात, तेव्हा ती सरकारांचा राग शिपायावर काढतात. परंतु उलट बाजूची चूक अधिक घातक आहे आणि ती अधिक वेळा होते. तळाचे अधिकारी स्थानिक वर्तमानपत्रांना अशा कार्यक्रमांची छायाचित्रे देतात आणि सुचवतात, पाहा, आम्ही किती चांगले शेजारी आहोत. तेथे दानाचा हिशेब जमिनीच्या खात्यात वजा दाखवला जातो. सावकाराने गावजेवण घातले म्हणून गहाणखत फाटत नाही, हे आमच्या खेड्यातला निरक्षर मनुष्यही जाणतो. ती खाती दोन वेगवेगळी आहेत, आणि शिपायाच्या चांगुलपणाची इभ्रत राखायची तर ती वेगळीच ठेवली पाहिजेत.

‘आपल्यांसाठी’ या शब्दाची कसोटीही येथेच लागते. नियमावलीतला ‘आपला’ म्हणजे त्याच तुकडीतला. नियम म्हणून ते ठीक आहे. पण वर्षभर ज्या गावाचे पाणी प्यायलो, ज्याच्या माणसांनी आपले गवत कापले, तो गाव ‘आपल्यां’त येतो की नाही, याचे उत्तर नियमावली देत नाही. ओसाकात गेलेल्या शिपायांनी ते आपल्या मनाने दिले.

येथे कोणी म्हणेल, दुसऱ्याच्या घरातली धूळ दाखवणे सोपे आहे. खरे आहे. भारताच्या महालेखापालांनी संरक्षण खात्याच्या जमिनींविषयीच्या आपल्या अहवालात लिहिले, की सैन्याची ९७ गोल्फ मैदाने सुमारे ८००० एकर सरकारी जमिनीवर एका खासगी नोंदणीकृत संस्थेकडून चालवली जातात आणि तेथे बाहेरच्यांना सभासद करून घेऊन शुल्क आकारले जाते. कागदोपत्री त्या जागांना पर्यावरण उद्यान आणि प्रशिक्षण क्षेत्र असे सोज्ज्वळ नाव दिले होते. जमीन आपल्याच देशाची, एवढाच काय तो फरक.

दुसरी एक आठवण मात्र मान वर करून सांगता येते. १९५३ साली कोरियाचे युद्ध थांबले तेव्हा मायदेशी परतण्यास नकार देणाऱ्या बावीस हजारांहून अधिक युद्धकैद्यांची राखण करण्यासाठी भारताने सैन्य पाठवले. त्याचे सेनापती मेजर जनरल शंकरराव थोरात, आपल्या कोल्हापूरकडचे. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन ऱ्ही यांना भारतीयांचा इतका संशय, की आपल्या भूमीला त्यांनी पाय लावू नये अशी त्यांनी अट घातली. अखेर आमचे जवान इंचॉनच्या समुद्रावरून हेलिकॉप्टरांनी थेट तटस्थ पट्ट्यात उतरवले गेले. तेथे त्यांनी तंबूंचे गाव वसवले, त्याला ‘हिंदनगर’ नाव दिले, पेटलेल्या कैद्यांना गोळीबार टाळता येईल तितका टाळून सांभाळले, आणि १९५४ साली काम आटोपताच तंबू गुंडाळून ते परत आले. कोणाच्या शेतात त्यांनी कुंपण मागे ठेवले नाही.

त्याच तटस्थ पट्ट्याच्या दक्षिण कडेला आज ‘कॅम्प बोनिफस’ नावाचा तळ आहे, आणि तेथे जगातले एक विलक्षण गोल्फ मैदान आहे. गल एकच, अंतर १९२ यार्ड, आणि तीन बाजूंना सुरुंग पेरलेले. रेषेबाहेर गेलेला चेंडू आणायला जाऊ नये अशी पाटी आहे. एका अमेरिकन क्रीडासाप्ताहिकाने १९८८ साली त्याला जगातली सर्वांत धोक्याची गल म्हटले, आणि तेव्हापासून ते तेथल्या शिपायांचे भूषण होऊन बसले. १९४० साली जर्मन विमाने लंडनवर बॉम्ब टाकत असताना तेथल्या रिचमंड क्लबाने असेच विनोदी नियम केले होते: बॉम्ब पडत असताना खेळाडूने आडोसा घेतल्यास दंड नाही, पण स्फोटामुळे टोला चुकून पुन्हा मारायचा असल्यास मात्र एका टोल्याचा दंड! मरणाच्या सान्निध्यात मनुष्य खेळाचे नियम घट्ट धरून बसतो. त्याला दुसरे काय धरता येते?

सोलमध्ये योंगसान येथे शहराच्या मधोमध अमेरिकन सैन्याचे असेच मैदान होते. त्याआधी ती जागा जपानी सैन्याची छावणी. १९९२ साली तेथे लोकांसाठी बाग झाली, आणि २००५ साली त्याच आवारात कोरियाचे राष्ट्रीय संग्रहालय उघडले. जेथे कित्येक दशके परक्या पलटणी होत्या, तेथे आता शाळेची मुले आपल्या राजांचे मुकुट पाहतात.

आवासेची जागा परत करण्याचे ठरले, पण बदली मैदान मिळाल्यावर. ते जपान सरकारच्या खर्चाने उरुमा शहराच्या हद्दीत बांधले गेले. ‘तायो’ हे त्याचे नाव. त्याचा अर्थ सूर्य. २०१० च्या जुलैअखेर आवासेची निशाणे उपटली गेली आणि सामने नव्या गवतावर भरू लागले. जुन्या जागेवर २०१५ साली एक प्रचंड पेठ उभी राहिली. ओकिनावाची कुटुंबे रविवारी तेथे खरेदीला जातात. त्या पेठेच्या नावात ‘रायकॉम’ हा शब्द आहे. तो ओकिनावाच्या भाषेतला नाही, जपानीही नाही. ‘ऱ्युक्यू कमांड’ या अमेरिकन सेनाकार्यालयाचे ते जुने लघुरूप आहे, आणि सैन्य गेल्यावरही गावाने ते तसेच ठेवले.